दवाखान्याचे बिल : एका छापील कागदाचा इतिहास

दवाखान्यांचा इतिहास आपल्याकडे लिहिला जातो तो डॉक्टरांचा, देणगीदारांचा आणि इमारतींचा. कोनशिला कोणाच्या हस्ते बसली, पहिली शस्त्रक्रिया कोणी केली, वीस खाटांच्या दोनशे कधी झाल्या, हे सगळे रौप्यमहोत्सवी स्मरणिकांत सापडते. पण सुट्टी मिळाल्यावर रुग्णाच्या नातेवाइकाच्या हातात जो कागद असतो, आणि ज्याच्यापायी कधी कधी एखादे एकर गहाण पडलेले असते, त्या कागदालाही इतिहास असेल असे कोणाच्या मनात येत नाही. तो कागद म्हणजे बिल.

छत्रपती संभाजीनगर आणि भोवतालचा मराठवाडा डोळ्यांपुढे ठेवून या कागदाचा इतिहास मांडण्याचा हा प्रयत्न आहे. शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले. त्याआधीच्या सगळ्या कागदांवर औरंगाबाद आहे, म्हणून त्या काळाबद्दल लिहिताना मी तेच नाव ठेवले आहे.

या विषयाशी माझा संबंध पोटापाण्याचा. १९९५ पासून सुमारे वीस वर्षे मी इथल्या लहान-मोठ्या दवाखान्यांत बिलिंगचे सॉफ्टवेअर बसवून देण्याचे काम केले. त्यातही माझ्या वाट्याला मुख्यतः छापून येणारा कागद आला. संगणकवाले त्याला ‘रिपोर्ट’ म्हणतात. दवाखान्यात रिपोर्ट म्हणजे रक्ता-लघवीचा. त्यामुळे ‘रिपोर्ट दुरुस्त करायला आलोय’ असे सांगितले की रखवालदार मला हमखास लॅबकडे पाठवी. या कामात एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. बिलावरची एकही ओळ आपोआप आलेली नसते. कोणीतरी ती मागितलेली असते. तो मागणारा कोण, हे ओळीओळीमागे शोधत गेले की त्या कागदाचा इतिहास उभा राहतो.

केसपेपर आणि कार्बन

औरंगाबाद १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. दफ्तराची भाषा उर्दू, चलन हाली शिक्क्याचे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याचे रुग्णालय म्हणजे सगळ्या मराठवाड्याची घाटी. इथल्या माणसाला दवाखान्याचा जो कागद पहिल्यांदा ओळखीचा झाला, तो बिल नव्हता, केसपेपर होता. वर नाव, वय, गाव. खाली डॉक्टरांचे अक्षर. पैशाचा उल्लेख नावापुरता. हा कागद आजाराचा होता, व्यवहाराचा नव्हता. म्हणूनच लोक तो पिशवीत घालून, घडीवर विरेपर्यंत जपून ठेवत.

खासगी डॉक्टरांकडे तर कागदच नसे. तपासणी, इंजेक्शन आणि पुडीत बांधून दिलेल्या गोळ्या यांचा मिळून एकच आकडा तोंडी सांगितला जाई. तो परवडला नाही तर ‘पुढच्या खेपेला द्या’ हेही तोंडीच. या व्यवहारात आपुलकी होती, पण हिशेब नव्हता. आणि विचारायची सोयही नव्हती.

पावती आली ती रुग्णाने मागितली म्हणून नव्हे. १९७५ च्या दुरुस्तीने आयकर कायद्यात कलम ४४एए आले. त्याखालच्या ६एफ या नियमाने ठरावीक मर्यादेपुढे कमाई असलेल्या डॉक्टरांनी कोणत्या वह्या ठेवायच्या ते सांगितले. ३सी या नमुन्यात रोजच्या रुग्णांची नोंदवही : तारीख, अनुक्रमांक, रुग्णाचे नाव, सेवेचे स्वरूप, मिळालेली फी, ती मिळाल्याची तारीख. शिवाय पंचवीस रुपयांवरच्या बिलांच्या आणि पावत्यांच्या अनुक्रमांक घातलेल्या कार्बन प्रती. म्हणजे पावतीपुस्तकातला वरचा कागद रुग्णाला मिळाला तरी पुस्तक छापले गेले ते खालच्या कार्बन प्रतीसाठी. बिलाच्या उजव्या कोपऱ्यातला तो क्रमांक आयकर खात्याचा आहे.

या क्रमांकाची आणि दिवाळीची एक गंमत आहे. पूर्वी हिशेबाचे वर्ष आपापल्या रिवाजाप्रमाणे धरता येई. अनेक व्यापाऱ्यांचे ते दिवाळीच्या पाडव्याला सुरू होई. १९८९-९० या करनिर्धारण वर्षापासून सर्वांना एप्रिल ते मार्च हेच वर्ष सक्तीचे झाले. वहीपूजन पाडव्याच्या जवळ राहिले, बिलाचा क्रमांक मात्र १ एप्रिलला पुन्हा एकपासून सुरू होऊ लागला. पुढे सॉफ्टवेअर आल्यावर दर वर्षी ३१ मार्चच्या मध्यरात्री आम्हाला फोन येत ते यामुळेच. रुग्ण ३० मार्चला दाखल झाला आणि ४ एप्रिलला घरी गेला, तर बिल कोणत्या वर्षाचे? आजाराला आर्थिक वर्ष कळत नाही. बिलाला ते कळावे लागते.

बिलाच्या तळाशी असलेली रसीद तिकिटाची चौकटही अशीच. पाचशे रुपयांवरच्या पावतीला एक रुपयाचे तिकीट लागे. २००४ मध्ये ती मर्यादा पाच हजार झाली. चौकट मुद्रांक कायद्याची.

कारखान्यांचे शहर

सत्तरच्या दशकात सिडकोने इथे नवे शहर वसवायला घेतले. चिकलठाणा आणि पुढे वाळूज इथल्या औद्योगिक वसाहती भरू लागल्या. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला. १९८९ मध्ये डॉ. हेडगेवार रुग्णालय उभे राहिले. त्याच सुमारास एमजीएमचे वैद्यकीय महाविद्यालय आणि कमलनयन बजाज रुग्णालय आले. समर्थनगर, औरंगपुरा, जालना रोड, गारखेडा या भागांत दहा-वीस खाटांची नर्सिंग होम दिसू लागली.

आता बिलाचे पैसे देणारा आणि खाटेवर झोपलेला, या दोन वेगळ्या व्यक्ती झाल्या. कंपनीच्या कामगाराचे बिल कंपनी भरे. तिला बिलावर कामगाराचा क्रमांक हवा, विभाग हवा, पत्राचा संदर्भ हवा. एका कंपनीला औषधे वेगळी दाखवून हवी असत, दुसरीला डॉक्टरांची व्हिजिट दिवसागणिक हवी असे. सरकारी नोकर आणि शिक्षक यांना १९६१ च्या वैद्यकीय देखभाल नियमांखाली खर्चाची प्रतिपूर्ती मिळे. त्यांचे बिल जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात तपासले जाई आणि त्रुटी निघाली की परत येई. टंकलेखन यंत्रावर एकेक बिल नव्याने बडवून घेण्यात कारकुनाचा दिवस जाई.

यात १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्याचा निकाल आला. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली. सर्वांनाच पूर्ण मोफत सेवा देणारे दवाखाने बाहेर राहिले. मोबदला दिला होता की नाही, हा कळीचा प्रश्न झाला. आणि मोबदल्याचा सर्वांत सोपा पुरावा म्हणजे बिल. निकालानंतर डॉक्टरमंडळींत केवढी खळबळ झाली हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले आहे. बिल आता वकिलाच्या टेबलावर जाऊ शकते, हे कळल्यावर ते नीट छापलेले असावे ही इच्छा एकाएकी सगळ्यांना झाली. आमच्या धंद्याला बरकत आली ती तेव्हापासून.

ठिपक्यांची अक्षरे

पहिली सॉफ्टवेअरे डॉसवर चालत. फॉक्सप्रोमध्ये लिहिलेली, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे. छपाई डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर. दोन्ही कडांना भोके असलेला, सलग घड्यांचा कागद. इंचात सहा ओळी. बारा इंची कागदावर बहात्तर. प्रोग्रामात ओळ मोजावी लागे : सातव्या ओळीवर नाव, अकराव्या ओळीपासून तपशील. दवाखान्याने नावनिशीचा कागद छापखान्यातून छापून आणलेला असे आणि आमची अक्षरे त्यातल्या रकान्यांत नेमकी पडावी लागत. कागद अर्धा इंच सरकला की डॉक्टरांची फी ‘ॲम्ब्युलन्स’च्या रकान्यात जाई.

गावातल्या छापखान्यांना हे काम बरेच मिळे. आधी कागदावर पट्टीने मापे घ्यायची, मग छापखान्यात जाऊन रकाने आखून घ्यायचे, मग पाच हजार प्रती. म्हणून बिलाचा नमुना सहसा बदलत नसे. पाच हजार कागद संपेपर्यंत तर नाहीच. आणि या बिलांना एक गुण होता. हातोड्यासारखी सुई शाईची फीत कागदावर ठोकत असे, म्हणून एकाच फटक्यात कार्बनच्या दोन-तीन प्रती निघत आणि वीस-पंचवीस वर्षांनीही अक्षर वाचता येते. आजच्या थर्मल कागदावरच्या औषधाच्या पावतीची अक्षरे काही महिन्यांत उडून जातात.

साचा वेगळा, माहिती वेगळी

नव्वदीच्या अखेरीस विंडोज आले आणि कामाचे स्वरूपच बदलले. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या एका कंपनीने क्रिस्टल रिपोर्ट्स नावाचे साधन बनवले होते. १९९३ पासून ते मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिकबरोबर मिळू लागले. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या सॉफ्टवेअरवाल्यांनी बिलासाठी ते उचलले. कंपनीची मालकी पुढे दोन-तीनदा बदलून शेवटी जर्मनीच्या सॅपकडे गेली, तरी काउंटरवरचे त्याचे नाव ‘क्रिस्टल’च राहिले.

त्यातली मूळ कल्पना समजून घेण्यासारखी आहे. रुग्णाची माहिती एकीकडे साठवलेली असते आणि बिल कसे दिसावे याचा साचा वेगळ्या फाइलीत असतो. साचा बदलला की बिल बदलते. मूळ नोंदीला धक्का लागत नाही. साच्यात पट्टे असतात : पानाचा माथा, गटाचा माथा, तपशिलाची ओळ, गटाची बेरीज, शेवटची बेरीज. तपशिलाची ओळ एकदाच आखायची. रुग्णाला चाळीस इंजेक्शने दिली असतील तर ती चाळीसदा छापली जाते.

साचा बसवणे हे मात्र आखण्याहून जिकिरीचे काम. दवाखान्यात काउंटर, वॉर्ड, औषध दुकान आणि अकाउंट्स असे चार-पाच संगणक असत. एखाद्यावर जुना साचा राहून गेला तर एकाच रुग्णाचे बिल दोन खिडक्यांवर दोन तऱ्हांचे निघे. शेवटी बहुतेकांनी एक युक्ती केली. सॉफ्टवेअरबरोबर येणारे साचे एका फोल्डरमध्ये आणि त्या दवाखान्याने करून घेतलेले साचे सर्व्हरवरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये. प्रोग्राम आधी दवाखान्याच्या फोल्डरमध्ये पाही. तिथे नसेल तरच मूळ साचा उचले. त्यामुळे नवी आवृत्ती आली तरी दवाखान्याने हौसेने करून घेतलेले बिल पुसले जात नसे. कागदाचे माप, प्रिंटरचा ड्रायव्हर, समासाची खटपट या साऱ्यासाठी मी जालना, बीड, परभणीच्या एसट्यांनी किती फिरलो याची गणती नाही. खिशात आधी फ्लॉपी, मग सीडी, मग पेनड्राइव्ह.

परदेशी साधनाला आपला हिशेब ठाऊक नव्हता, हेही रोज जाणवे. दीड लाख तो ‘१५०,०००’ असा लिही. रक्कम अक्षरी लिहिण्याची सोय त्यात होती, पण ती इंग्रजीत आणि ‘एकशे पन्नास हजार’ या धर्तीची. लाख-कोटीचे गणित प्रत्येक प्रोग्रामरने स्वतः लिहिले. मराठीत अक्षरी रक्कम हवी असेल तर आणखी पंचाईत. इंग्रजीत वीसपर्यंतचे शब्द आणि दहांचे पाढे दिले की काम भागते. मराठीत एकोणसाठ, सदुसष्ट, त्र्याण्णव हे सगळे शब्द एकेक करून शंभरपर्यंत भरावे लागतात. भाषेची श्रीमंती प्रोग्रामरला अशी भेटते.

गट आणि तपशील

आता या इतिहासातल्या मुख्य मुद्द्याकडे येतो. साच्यात एक साधी सोय असते : एखादा पट्टा छापायचा की दाबून ठेवायचा. तपशिलाचा पट्टा दाबला की चाळीस ओळी नाहीशा होतात आणि गटाची बेरीज तेवढी उरते : ‘औषधे व साहित्य – ३८,४५०.’ बेरीज खरी असते, खोटे काही नसते. पण त्या बेरजेत काय आहे हे विचारण्याची वाट बंद होते.

बहुतेक दवाखाने दोन साचे करून घेत. एक तपशीलवार, तो कंपनीसाठी आणि सरकारी प्रतिपूर्तीसाठी. दुसरा गोषवाऱ्याचा, तो रोख पैसे भरणाऱ्यासाठी. दवाखान्यांची बाजूही ऐकण्यासारखी होती. अतिदक्षता विभागात दहा दिवस राहिलेल्या रुग्णाचे पूर्ण बिल पंधरा-वीस पानांचे होते. कागद लागतो, काउंटरवर रांग तुंबते, आणि प्रत्येक हातमोज्यावर चर्चा सुरू झाली तर सुट्टी द्यायची कधी? यात तथ्य होते. तरीही कोणाला कोणता साचा, हे ठरवताना जो नियम पाळला गेला तो लक्षात घेण्यासारखा आहे. ज्याच्याकडे बिल नाकारण्याची ताकद होती, त्याला तपशील मिळाला. ज्याच्याकडे ती नव्हती, त्याला बेरीज मिळाली.

एका दवाखान्याच्या काउंटरवर मी साचा बसवत असताना पैठण तालुक्यातले एक वयस्क गृहस्थ बिल घेऊन परत आले. पैसे भरून झाले होते. त्यांनी कारकुनाला विचारले, ‘‘साहेब, हे कन्झ्युमेबल म्हंजी काय काय वापरलं वो?’’ कारकून म्हणाला, ‘‘बाबा, ते सगळं मिळून असतं.’’ म्हातारबाबा तक्रार करत नव्हते. ‘‘तसं न्हाई. आईचा खर्च आम्हा तिघा भावांत वाटून घ्यायचाय. धाकटा इचारील, येवढं कशाचं? त्याला काय सांगू?’’ कारकुनाने खांदे उडवले. तो वाईट माणूस नव्हता. तपशिलाचे बिल कोणाला द्यायचे याची त्याला वरून ताकीद होती. त्याच्या पडद्यावर, त्याच यादीत, दोन ओळी खाली तपशीलवार बिलाचा पर्याय होता. छापायला पाच मिनिटेही लागली नसती.

भावाभावांतला विश्वास, सावकाराला दाखवायचा कागद, मुख्यमंत्री साहाय्यता निधीच्या अर्जासोबत जोडायचे खर्चाचे पत्रक : बिलाची गरज रुग्णाच्या घरी अशी असते. आयकर, कंपनी आणि न्यायालय यांना पुरे पडणारा साचा या गरजांसाठी आखलेला नव्हता.

विमा, योजना आणि शून्याचे बिल

२०१३ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने आरोग्यविम्याच्या प्रमाणीकरणाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत दवाखान्याच्या बिलाचा प्रमाणित नमुना होता. खोली व शुश्रूषा, अतिदक्षता, शस्त्रक्रियागृह, औषधे व साहित्य, डॉक्टरांची फी, तपासण्या, रुग्णवाहिका, किरकोळ, पॅकेज असे ठोक गट आणि प्रत्येकाला सहा आकडी सांकेतिक क्रमांक. खाली प्रत्येक गटाची फोड. देशभरच्या दाव्यांची तुलना करता यावी हा उद्देश. आमच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की तोवर दवाखान्यागणिक वेगळा असलेला साचा पहिल्यांदाच बाहेरून ठरून आला. कॅशलेसच्या खिडकीवर तो झपाट्याने रुजला. रोखीच्या खिडकीवर जुनाच चालू राहिला.

याच सुमारास राज्याची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली. २ जुलै २०१२ रोजी ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली. मराठवाड्यातून त्यांत फक्त नांदेड होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि औरंगाबादच्या दवाखान्यांत पोहोचली. १ एप्रिल २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. तिच्यात प्रत्येक उपचाराचे पॅकेज ठरलेले असते आणि रुग्णाने काही भरायचे नसते. या योजनेसाठी आम्हाला असा साचा करावा लागला, की ज्यात वर खर्च, मध्ये योजनेची वजावट आणि तळाशी रुग्णाचे देणे शून्य. शून्याचे बिल छापायचे तरी कशाला, असे एका कारकुनाने विचारले होते. पण ते छापले पाहिजे. आपल्या उपचारावर किती खर्च झाला आणि तो कोणी भरला, हे गरीब माणसाला कळण्याचे दुसरे साधन नाही.

बिल तपासणारा माणूस

कोविडने बिलाला चव्हाट्यावर आणले. २१ मे २०२० च्या अधिसूचनेने राज्य शासनाने खासगी रुग्णालयांतल्या ऐंशी टक्के खाटांचे दर बांधले : विलगीकरण कक्ष दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरशिवाय अतिदक्षता ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. या दरात खाट, शुश्रूषा, जेवण, नेहमीच्या तपासण्या आणि औषधे धरलेली होती. पीपीई किट, सीटी स्कॅनसारख्या मोठ्या तपासण्या आणि काही महागडी औषधे बाहेर होती. जून २०२१ मध्ये शहरांचे तीन वर्ग झाले. औरंगाबाद ‘ब’ वर्गात गेले आणि इथले दर ३,०००, ५,५०० आणि ६,७०० झाले.

दर बांधून भागले नाही. बिल तपासायला लेखापरीक्षक नेमले गेले. आणि लेखापरीक्षकाला गोषवारा चालत नाही. दरातले काय आणि दराबाहेरचे काय, हे ओळीओळीने पाहिल्याशिवाय त्याला सही करता येत नाही. वर्षानुवर्षे दाबून ठेवलेला तपशिलाचा पट्टा त्या काळात रोख भरणाऱ्यांच्याही बिलावर उघडला गेला. पीपीई किटचे नग मोजले गेले, एकाच दिवसाची खाट दोनदा लागली का हे पाहिले गेले, आणि राज्यभरात अनेकांना पैसे परत मिळाले. जे काम ‘शक्य नाही, रांग तुंबते’ म्हणून टाळले जाई, ते सर्वांत जास्त गर्दीच्या काळात पार पडले. कारण मागणारा बदलला होता.

त्यानंतरच्या दुरुस्त्या पुन्हा जुन्या वळणाच्या. १८ जुलै २०२२ पासून अतिदक्षता वगळता दिवसाला पाच हजार रुपयांहून जास्त भाड्याच्या खोलीवर पाच टक्के जीएसटी लागला. बिलात एक ओळ वाढली. ती सरकारच्या तिजोरीची. २०२३ मध्ये माथ्यावरचे शहराचे नाव बदलले. तो साच्यातला सर्वांत सोपा बदल. तरीही ज्यांनी एखाद्या संगणकावर जुनी फाइल तशीच ठेवली होती, त्यांच्या एका खिडकीवर औरंगाबाद आणि दुसरीवर छत्रपती संभाजीनगर छापून येत राहिले.

बिलाची भाषा

एक ओळ मात्र या सगळ्या प्रवासात कोणीच मागितली नाही, ती म्हणजे मराठी ओळ. इथल्या खासगी दवाखान्यांची बिले सर्रास इंग्रजीत निघतात. सुरुवातीला कारण तांत्रिक होते. डॉसवर मराठीसाठी पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड लागे. पुढे विंडोजवर जे मराठी फॉन्ट आले त्यांतली अक्षरे इंग्रजीच्या जागांवर बसवलेली होती. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की रुग्णाच्या नावाऐवजी अगम्य खुणा उमटत. दवाखान्याच्या पाच संगणकांपैकी एकावर तरी तो नसेच. विंडोज २००० पासून युनिकोडची देवनागरी आली, क्रिस्टलच्या पुढच्या आवृत्त्यांनी ती स्वीकारली, आणि हे कारण संपले. आज कोणत्याही साच्यात ‘Room Charges’ ऐवजी ‘खोलीभाडे’ छापणे हे दुपारभराचे काम आहे.

राजभाषेचा कायदा शासकीय कामकाजापुरता; खासगी बिल त्याच्या बाहेर. विमा कंपनीला इंग्रजी हवे, आयकराला इंग्रजी चालते. मराठी बिलाचा एकमेव मागणारा म्हणजे रुग्ण, आणि त्याने मागितलेली ओळ बिलावर येण्याची रीतच आपल्याकडे पडलेली नाही.

कागदावर हक्क आहेत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार डॉक्टरांनी फी उपचाराआधी सांगायची असते आणि रुग्णाने मागितल्यावर वैद्यकीय नोंदी बहात्तर तासांत द्यायच्या असतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तपशीलवार बिलाचा हक्क स्पष्ट नमूद आहे. राज्याने जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारून दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. फलक लागले. पण भिंतीवरचा दर आणि हातातल्या बिलातली ओळ यांची सांगड तेव्हाच लागते, जेव्हा बिलात ओळी असतात आणि त्या वाचता येतात.

इतिहासाची साधने म्हणूनही ही बिले मोलाची आहेत. कोणत्या वर्षी सलाइन कितीला होते, बाळंतपणाला किती दिवस ठेवत, हे पुढच्या संशोधकाला या कागदांतूनच कळणार आहे. दवाखाने मुदत संपली की प्रती रद्दीत घालतात. घरातल्या पिशव्यांत मात्र त्या अजून आहेत. कपाटे आवरताना त्या फेकू नयेत. आणि आपल्या विद्यापीठाने किंवा एखाद्या ग्रंथालयाने, रुग्णांची नावे झाकून, त्यांचा छोटासा संग्रह करावा अशी माझी सूचना आहे.

आणि पुढच्या वेळी काउंटरवर गोषवारा हाती आला, तर तपशीलवार बिल मागावे, जमल्यास मराठीत. पहिले ते दवाखान्याच्या संगणकात तयार असते. दुसरे तयार करायला दुपारभर लागते, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.